पडायची शिकवणी

एर्मीनियुच्या घरात शिरलं की आधी नजरेत भरायच्या त्या गोधड्या. जेवणाच्या टेबलाचे कोपरे, चुलीची कड, दारांच्या चौकटी, पलंगाचे खूर, जिथे म्हणून माणसाचं डोकं आपटू शकेल तिथे त्याच्या बायकोने, देओलिंदाने, जुन्या गोधड्यांचे तुकडे सुतळीने करकचून बांधले होते. जाजमं गुंडाळून माळ्यावर टाकली होती. खिडकीपाशी हातांची एक खुर्ची होती आणि तिच्या पाठीला चादर फाडून केलेली लांब पट्टी. सकाळी गाईंची धार काढायला जाताना देओलिंदा ती पट्टी नवऱ्याच्या कमरेभोवती घ्यायची आणि मागे गाठ मारायची.

"घट्ट नाही ना होत?" ती दर वेळी विचारायची.

"गाईला विचारतेस का कधी?" एर्मीनियु म्हणायचा.

इदालिना त्या घरी आठवड्यातून दोनदा जायची. फ्लोरेश बेटावर घरोघर जाऊन व्यायाम करून घेणारी ती एकटीच. आरोग्य केंद्राची पांढरी गाडी घाटाच्या वळणावर दिसली की लोक म्हणायचे, व्यायामबाई आली. ती बेटावरचीच, पलीकडच्या गावातल्या सुताराची मुलगी. लिस्बनला शिकून परत आली होती, त्यामुळे वयाने मोठ्या माणसांना काका-काकी म्हणणं आणि त्यांनी 'पोरी' म्हणून हाक मारणं चालूच राहिलं होतं.

एर्मीनियुला माशादुचं दुखणं होतं. बेटावर ते काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि कुठल्या घराण्यांत, ते सगळ्यांना ठाऊक असतं. चाळिशीच्या आसपास माणसाचा तोल जायला लागतो. पाय फाकवून, झोकांड्या खात चालतो, परका कुणी बघेल तर म्हणेल सकाळीच ढोसून आलाय. मग जीभ जड होते, एकाची दोन दिसायला लागतात, हातांचा नेम चुकतो. औषध नाही. व्यायामाने दुखणं थांबत नाही, फक्त असलेलं बळ जरा जास्त दिवस हाताशी राहतं. आईबापांपैकी एकाला असलं तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी.

एर्मीनियुच्या बापाला होतं. तो एकदा अंगणात पडला, खुब्याचं हाड मोडलं, आणि घरच्यांनी त्याला पलंगावर निजवलं ते कायमचंच. पुढे कित्येक वर्षं तो छताकडे बघत राहिला. हाड कधीच जुळलं होतं, पण पुन्हा पडेल या भीतीने कुणी त्याला उठू दिलं नाही, आणि पुढे त्यालाच उठता येईना. एर्मीनियु तेव्हा तरणा होता. देओलिंदाशी लग्न ठरलं तेव्हा त्याने तिला चर्चमागच्या भिंतीपाशी नेऊन सगळं सांगितलं. मूल नको, असं दोघांनी तिथेच ठरवलं. पुढे वीस वर्षं त्याला काही झालं नाही, तेव्हा उगाच घाबरलो असं देओलिंदाला वाटायला लागलं होतं. आणि मग एक दिवस दगडी गडग्यावरून दुधाचा कॅन घेऊन उतरताना त्याचा पाय भलतीकडेच पडला.

इदालिनाचे व्यायाम साधे असायचे. ओट्याला धरून उभं राहायचं, वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, फरशीच्या रेघेवरून टाचेपुढे टाच ठेवत चालायचं. एर्मीनियु सगळं करायचा. तोंड मात्र चालू असायचं.

"ही रेघ वाकडी आहे," तो म्हणायचा.

"रेघ सरळ आहे, काका."

"मग गवंडी वाकडा असेल. कुणीतरी वाकडं आहे खास, मी तर नाही."

देओलिंदा सगळा वेळ त्याच्या मागे दोन्ही हात पसरून उभी असायची, कोंबडी पकडायला उभं राहावं तशी. तो जरा कलला की ती बगलेत हात घालून त्याला वर ओढायची. इदालिनाने तिला कितीदा सांगितलं, काकी, त्यांचं त्यांना सावरू द्या. ती मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा ओढायची.

एका सकाळी देओलिंदा दूध पोचवायला गेलेली असताना एर्मीनियु ओट्याला धरून वजन या पायावरून त्या पायावर नेत होता तो एकदम थांबला.

"पोरी, एक सांगू? हे चालणं-बिलणं राहू दे."

"कंटाळलात?"

"कंटाळलो नाही. चालायला मला येतं. ते जाणार आहे, तू काय करणार त्याला. मला पडायला शिकव."

इदालिनाला वाटलं, थट्टा करतोय. पण तो हसत नव्हता.

"मी पडणारच आहे," तो जड जिभेने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला. "माझा बाप एकदाच पडला. एकदाच, आणि संपला. त्याला पडता येत नव्हतं, आणि पडल्यावर उठता येत नव्हतं. मला दोन्ही शिकव."

त्यात वावगं काहीच नव्हतं. तोल जाणाऱ्या माणसाला पडायचं कसं आणि उठायचं कसं हे शिकवतातच. इदालिनाही शिकली होती, जाड गाद्यांच्या खोलीत. पण गोधड्यांच्या या घरात ही गोष्ट काढायची तिची हिंमत झाली नव्हती. तरी त्या दिवशी देओलिंदा परतल्यावर तिने विषय काढला.

देओलिंदाने रिकामा कॅन खाली ठेवला. "पडायला? तुला पगार मिळतो तो त्याला उभा ठेवायचा."

"काकी, ते असेही पडतातच ना?"

"माझ्या घरात नाही पडत." आणि तिने इदालिनापुढे कॉफीचा पेला असा काही आदळला की अर्धी कॉफी टेबलावर सांडली.

घरच्या माणसाच्या संमतीशिवाय असलं काही करायचं नाही, हे इदालिनाला माहीत होतं. दुसऱ्या बाजूने, संमती द्यायची ती ज्याचं अंग त्याने, आणि त्याने तर स्वतःहून मागितलं होतं. आठवडाभर तिने या दोन गोष्टी मनात फिरवल्या. मग देओलिंदा दूध घेऊन गेली की दोघं घरालगतच्या गवताच्या कोठीत जायला लागली.

कोठीत ढोपरभर सुकं गवत पसरलेलं होतं. इदालिनाने आधी त्याला बसलेल्या जागेवरून कलंडायला लावलं, मग गुडघ्यांवरून, मग उभ्याने. हात पुढे करायचा नाही, मनगट मोडतं. गुडघे सैल सोडायचे, अंग आखडायचं नाही, हनुवटी छातीशी, आणि मांडी, ढुंगण, खांदा असं कुशीवर लोळत जायचं. ती स्वतः पडून दाखवायची. मग उठणं: आधी निपचित पडून श्वास घ्यायचा, कुठे लागलंय का बघायचं, कुशीवर व्हायचं, कोपरावर, मग रांगत जवळच्या घट्ट वस्तूपाशी, तिला धरून एक पाऊल पुढे, आणि वर. उठण्यातच त्याचा दम जायचा. पण पडताना तो लहान पोरासारखा हसायचा.

"चाळीस वर्षं या कोठीत गवत भरलं," तो एकदा आडवा पडूनच म्हणाला. "लोळायचं मात्र राहूनच गेलं होतं."

शेजारी झेफेरीनु राहायचा. त्याला दुसऱ्याच्या घरचं दार किलकिलं दिसलं की बघितल्याशिवाय राहवत नसे. एकदा त्याने कोठीच्या फटीतून व्यायामबाईचे पाय गवतातून वर आलेले बघितले. शेजारीच एर्मीनियु, आणि दोघंही हसतायत. कॉफीच्या दुकानात ही बातमी त्याच दिवशी पोचली. रविवारपर्यंत ती गावभर झाली, वाटेत तिच्यात थोडी भरही पडली. प्रार्थनेहून परतताना एका बाईने देओलिंदाला कळवळून सांगितलं, तेव्हा देओलिंदाला म्हणे हसू फुटलं. पण घरी येऊन तिने कोठीत डोकावलं. गवतात माणसाच्या आकाराचा खळगा होता, आणि कोठीच्या खांबालगत एक स्टूल, ज्याच्या कडेवर मातकट हातांचे ठसे. ती गुराढोरांत वाढलेली बाई, कोण कुठे बसलं नि कसं उठलं हे तिला वाचता यायचं.

पुढच्या वेळी इदालिना आली तेव्हा देओलिंदा अंगणात उभी होती.

"लोकं काय म्हणतात ते ऐकलंस?"

"ऐकलं, काकी. खोटं आहे ते."

"खोटं आहे ते कळतं मला. त्याला धड चमचा तोंडात नेता येत नाही, तो काय दिवे लावणार!" देओलिंदाचा आवाज चढला. "ते खरं असतं तर मी दोघांना खराट्याने झोडपलं असतं आणि गप्प बसले असते. पण तू त्याला पाडत होतीस! मी रात्रंदिवस त्याला झेलायचं आणि तू माझ्या पाठीमागे त्याला पाडायचं?"

"त्यांनीच सांगितलं मला."

"त्याने सांगितलं! तो उद्या विहिरीत ढकल म्हणेल!"

खिडकीतून एर्मीनियु काहीतरी ओरडला. रागात त्याची जीभ अजूनच अडखळायची, कुणालाच काही कळलं नाही.

"तुम्हाला न सांगता करायला नको होतं," इदालिना म्हणाली. "ते माझं चुकलं. पण शिकवलं त्यात चूक नाही."

"गाडीत बस आणि जा," देओलिंदा म्हणाली. "परत येऊ नकोस."

इदालिना गेली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, तिला चार शब्द सुनावले, आणि घरच्यांनीच दार लावलं तर आपण काय करणार म्हणून हात वर केले. एर्मीनियुची वेळ तिने वरच्या गावातल्या एका म्हातारीला दिली. तिच्याकडे जायचा रस्ता याच घरावरून जायचा. खिडकीत तो दिसायचा. गाडी दिसली की हात हलवायचा, पण हात भलतीकडे जायचा, माशी हाकलावी तसा. इदालिना हॉर्न वाजवायची आणि पुढे जायची. या कामात दारं बंद होतात हे तिला काही नवीन नव्हतं. हेच तेवढं जरा जास्त लागलं.

वसंतात ढग डोंगरावरून खाली गावापर्यंत उतरतात आणि दिवस दिवस हलत नाहीत. तशाच एका सकाळी ती वरच्या गावाहून परतत होती. धुक्यातून एकदम देओलिंदा गाडीच्या पुढ्यात आली, अंगावर एप्रन, पायात गोठ्यातले बूट.

"थांब! गेलाय तो. पट्टी कापलीय. पावाच्या सुरीने!"

"कुठे जातील?"

"मीच मेलीने सकाळी सांगितलं, वरच्या कुरणात गाय व्यालीय म्हणून. वासरू कसं आहे, कान कसे आहेत, डोकं खाल्लं माझं. म्हटलं, उद्या दाखवेन."

इदालिनाने तिला गाडीत घेतलं. कुरणाकडे जाणारी वाट गाडीची नव्हती, तेव्हा तोंडाशी गाडी सोडून दोघी चालायला लागल्या. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, गडग्यांवर हायड्रेंजियाची ओली झुडपं. चिखलात काठीची भोकं होती, आणि मध्ये मध्ये एक लांबट चपटा ठसा, माणूस कुशीवर पडल्यासारखा. देओलिंदाने पहिला ठसा बघून तोंडावर हात घेतला. पुढे दुसरा होता. प्रत्येक ठशापासून रांगल्याच्या खुणा गडग्यापर्यंत जात होत्या, आणि तिथून पुन्हा काठीची भोकं सुरू व्हायची.

वळणावर तो दिसला. त्यांच्याकडे पाठ करून चालला होता, डावीकडे झुकत, उजवीकडे झुकत. अंगभर चिखल. दोघी बघत असतानाच त्याची काठी दगडावरून सटकली.

देओलिंदा धावली. चार पावलं धावली आणि थांबली, कारण तोवर तो पडून झाला होता. त्याने हात पुढे टाकला नव्हता. पोतं भिंतीवरून घसरावं तसा मांडीवरून खांद्यावर लोळला आणि पडल्या जागी पडून राहिला.

"लागलंय त्याला," देओलिंदा म्हणाली.

"श्वास घेतायत. थांबा जरा."

देओलिंदा थांबली. दोन्ही हात तसेच पुढे पसरलेले. एर्मीनियु कुशीवर झाला, कोपरावर उठला, मग हातापायांवर. रांगत गडग्याला लागला, झुडपाचं खोड धरलं, ते हातात आलं, त्याने ते फेकून दिलं आणि एक सणसणीत शिवी हासडली. मग दगड धरला. एक पाय पुढे आला, पुष्कळ वेळ तसाच राहिला, आणि मग बाकीचा माणूस त्याच्यामागून हळूहळू वर आला.

देओलिंदाने हात खाली घेतले. रडत नव्हती. इदालिनाकडे बघून फक्त म्हणाली, "शिवी स्पष्ट आली."

त्यांनी त्याला हाक मारली नाही. मागे मागे राहून दोघी कुरणाच्या फाटकापर्यंत गेल्या. आत गडगा संपला, मोकळा उतार सुरू झाला, आणि वासरू दहा पावलांवर असताना तो पुन्हा पडला. या वेळी धरायला काहीच नव्हतं. तो हातापायांवर झाला, इकडे तिकडे बघितलं आणि तसाच बसला. दमला होता. मग त्याला त्या दोघी दिसल्या.

"आलात का पोलीस!" तो म्हणाला.

देओलिंदा त्याच्यापाशी गेली आणि सवयीने मागून बगलांत हात घातला. तो तिच्यापेक्षा दुप्पट जड. दोघंही घसरले.

"असं नाही, काकी," इदालिना म्हणाली. "तुमचीही कंबर जाईल. त्यांना टेकायला काहीतरी हवं. खुर्ची असती तर बरं झालं असतं."

देओलिंदाने त्या उघड्या उतारावर नजर फिरवली. मग एप्रन वर खोचला आणि नवऱ्यापुढे चिखलात हातापायांवर ओणवी झाली.

"घे. वर बसू नकोस. नुसता टेक."

एर्मीनियुने तिच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवले. इदालिनाने पाऊल कुठे ठेवायचं ते दाखवलं. तो वर यायला लागला तशी देओलिंदा दातांतून म्हणाली, "वजन बघा बाई याचं! बसून बसून फुगलाय नुसता."

"बांधून कोण ठेवतं?" तो वरून म्हणाला.

तो उभा राहिल्यावर ती उठली, ढोपरं झटकली आणि त्याला काठी दिली. वासरू काळंपांढरं होतं, कान उभे. एर्मीनियुने ते डोळे भरून बघितलं आणि खाली जाताना आणखी एकदा पडला.

दुसऱ्या आठवड्यात देओलिंदाने आरोग्य केंद्रात फोन केला. इदालिनाला ती एवढंच म्हणाली, "ये. पण मला सांगून. आणि मी घरात असताना." कोठीत ती कधी आली नाही. गवतात धप्प आवाज झाला की स्वयंपाकघरात भांडी जोरात वाजायची. पण उचलायचं कसं, टेकू कसा द्यायचा, हे सगळं तिने नेटाने शिकून घेतलं. टेबलाच्या कोपऱ्यांवरच्या गोधड्या तेवढ्या राहिल्या. त्या काढायला इदालिनाने कधी सांगितलंही नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. हिवाळ्यात तो गोठ्यात पडला आणि गळ्यालगतचं हासळीचं हाड मोडलं. गव्हाणीशी अडकल्याने त्याला लोळता आलं नव्हतं. देओलिंदा महिनाभर इदालिनाशी तुसड्यासारखी वागली, कॉफी विचारली नाही. कॉफीच्या दुकानात झेफेरीनुने, मी आधीच सांगत होतो, असं म्हणून घेतलं. हाड जुळलं. एर्मीनियु पुन्हा उठला, पुन्हा कुरणात गेला. उन्हाळाभर लोकांना तो वाटेवर दिसायचा, कधी उभा, कधी आडवा. आडवा दिसला तर हात द्यायचा नाही, विचारायचं, असं देओलिंदाने गावाला बजावून ठेवलं होतं. परका कुणी धावत गेला तर एर्मीनियु त्याला जमिनीवरूनच हवापाणी विचारायचा.

असं तीनेक वर्षं चाललं. मग पाय पार गेले. चाकाची खुर्ची आली, बोलणं घशातच विरायला लागलं. देओलिंदाने गाई विकल्या, दोन ठेवल्या. इदालिना अजून येत होती. आता खांदे मोकळे करायचे, छातीत कफ साठू द्यायचा नाही, आणि घास ठसका न लागता गिळायचा, असलं काम होतं. एर्मीनियुचं बोलणं आता देओलिंदाखेरीज कुणाला कळत नव्हतं.

पवित्र आत्म्याच्या सणाला गावाने घरोघर सूप पोचवलं. देओलिंदाने त्यात पाव कुस्करून मऊ केला आणि इदालिनासमोरच त्याला भरवायला बसली. तो सावकाश गिळत होता. मध्येच थांबून इदालिनाकडे बघत त्याने घशातल्या घशात बरंच काही म्हटलं, पुष्कळ वेळ, दम घेत घेत. देओलिंदाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणतायत?" इदालिनाने विचारलं.

"काही नाही."

"एवढा वेळ बोलत होते आणि काही नाही?"

"चावट आहे मेला," देओलिंदा म्हणाली, आणि पुढचा चमचा भरून त्यावर फुंकर घालायला लागली.